प्रश्न चौथा (आ)

लोकसंख्येची घनता आणि राहणीमान यांचा संबंध
शेजारी देशांच्या उदाहरणांनी स्पष्ट करा. गुण चार.

नमुना उत्तर वरून आलंय, पिन मारून.
त्याचा मथितार्थ: माणसं दाट, तर जगणं पातळ.
(इतकं नेटकं त्यांनी लिहिलेलं नाही,
हे मला आत्ता आमटी ढवळताना सुचलं.)

रात्रीचे अकरा. मानखुर्द.
ओट्यावर पेपर, कारण टेबलावर नणंद झोपलीय
आणि टेबल म्हणजे खरं तर शिवणयंत्र, फळी टाकलेलं.
पलंगाखाली मुलगा, टॉर्च लावून, बीजगणित.
ह्यांचा एक पाय दाराबाहेर.

आठवी ब. मंजूर पट चाळीस, पेपर बासष्ट.
एकसष्ट जणांनी लिहिलं:
बांगलादेश दाट, म्हणून गरीब.
सगळ्यांचं राहणीमान एकाच जागी चुकलंय,
दुसरी वेलांटी ऱ्हस्व.
गाइडमध्येच तशी छापलीय.

मग सत्तेचाळीस नंबर. तहसीन मोमीन.

"बाई, पुस्तकातला तक्ता मी नीट बघितला.
मालदीव सगळ्यांत दाट आहे आणि कमाईही त्यांचीच जास्त.
अफगाणिस्तान विरळ आहे, तरी हाल आहेत.
नेपाळपेक्षा लंकेत दाटी जास्त,
पण लंकेतली माणसं जास्त वर्षं जगतात.
म्हणून नियम लागत नाही.

उदाहरण. आमच्या गल्लीत घरं एकशे दहा, नळ तीन.
नाल्यापलीकडे टॉवर आहे.
तिथेही माणसं एकावर एकच ठेवलेली आहेत,
आमच्यापेक्षा उंच.
पण त्याला कुणी दाटी म्हणत नाही,
व्ह्यू म्हणतात.

टॉवरचे वॉचमन दीर्घराज नेपाळचे आहेत.
त्यांच्या गावी डोंगरावर अकरा घरं, बाकी हवा.
इथे केबिनमध्ये ते पाय दुमडून झोपतात.
मी विचारलं, एवढं मोकळं सोडून आलात कशाला?
ते म्हणाले, बहिणीला दवाखान्यात न्यायला
दीड दिवस लागला होता.
पुढे मी विचारलं नाही.

निष्कर्ष. प्रश्नातच चूक आहे.
एका चौरस किलोमीटरमध्ये किती माणसं, हे विचारलंय.
एका नळाला किती, एका नर्सला किती,
एका बाकावर कि"

इथे घंटा झाली असणार.
'कि'ची वेलांटी ओढत थेट समासात गेलीय,
पेपर हातातून ओढून घेतल्यासारखी.
ओढून घेणारी मीच होते.

मी कॅल्क्युलेटर काढला.
दोनशे पंचवीस चौरस फूट, माणसं चार.
चौरस किलोमीटरला
एक लाख एक्क्याण्णव हजार.
दोनदा केलं. तेवढेच.
ढाका मागे पडलं, मालदीव तर कुठच्या कुठे,
बशीतल्या साबुदाण्यासारखं.
नणंदेनं कूस बदलली, यंत्राचं चाक अर्धं फिरलं.

पण नळ आत आहे माझा.
साडेपाचला येतो, सातला जातो, पण आत.
हे मी कधी राहणीमान म्हणून मोजलं नव्हतं.
पगार मोजला, हप्ता मोजला,
शेजारच्या काळसेकरांचा नवा फ्रिज मोजला.

चार गुण द्यायला पेन टेकवलं.
मग केंद्रप्रमुख आठवले,
आणि नमुना उत्तराखालची ओळ:
याव्यतिरिक्त उत्तरे ग्राह्य धरू नयेत.

साडेतीन दिले.
अर्धा कुठे कापला ते लिहावं लागतं,
म्हणून शेऱ्यात लिहिलं: अक्षर सुधारावे.

अक्षर चांगलं आहे तिचं.
माझ्यापेक्षा चांगलं.